कानांनी पाहिलेला रंगमंच

२५ डिसेंबर १९३१, शुक्रवार. नाताळच्या त्या दुपारी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून हुम्परडिंकची ‘हॅन्सेल उंड ग्रेटेल’ ही ऑपेरा रेडिओवरून अमेरिकाभर ऐकवली गेली. निवेदक होता डीम्स टेलर. स्वतः संगीतकार, नामांकित समीक्षक आणि बोलण्यात तरबेज. श्रोत्यांना समोरचे काही दिसत नाही, म्हणून रंगमंचावर आता काय चालले आहे ते तो गाणे सुरू असतानाच मधूनमधून सांगत होता. हेतू चांगला होता, पण तारा आल्या त्या तक्रारीच्या. या गृहस्थांना गप्प बसवा आणि आम्हाला गाणे ऐकू द्या, असा त्यांचा सूर होता. पुढे निवेदन अंकाच्या आधी आणि मध्यंतरात गेले, आणि तिथेच राहिले.

मेटच्या (रसिक या संस्थेला याच नावाने ओळखतात) प्रक्षेपणांच्या इतिहासातला हा श्रोत्यांचा पहिला कौल. ज्यांनी तिकीट काढले नव्हते, ज्यांना रंगमंच दिसत नव्हता, अशा माणसांनी दिलेला. आणि तो मानला गेला.

संगीताचे इतिहास बहुधा गाणाऱ्यांचे असतात. घराणी, गुरू, मैफली, ध्वनिमुद्रिका यांची नोंद होते. ऐकणारा मात्र ‘टाळ्यांचा कडकडाट झाला’ एवढ्या एका वाक्यात उरतो. मी संगीत शिकलेलो नाही, पाश्चात्त्य स्वरलेखन मला वाचता येत नाही. गेली वीसेक वर्षे नोकरी सांभाळून जुन्या प्रक्षेपणांची ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि त्यांच्याबद्दल जे सापडेल ते वाचणे, एवढाच माझा अभ्यास. त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला. जो नाट्यगृहात गेलाच नाही, त्याने गायकाबद्दल आणि विशेषतः प्रयोगाच्या मांडणीबद्दल दिलेले मत किती खरे मानायचे? या लेखात त्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

टेलिफोनवरचे नाट्यगृह

मराठी वाचकाला ऑपेराची कल्पना संगीत नाटकावरून करता येते, पण दोन फरक लक्षात ठेवावे लागतात. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे असतात. ऑपेरात बहुतेक वेळा सगळेच गायले जाते, नोकराने आणलेला निरोपसुद्धा. दुसरा फरक आवाजाचा. मेटच्या आजच्या, १९६६ मध्ये उघडलेल्या नाट्यगृहात सुमारे ३,८०० माणसे बसतात. गायक मायक्रोफोनशिवाय, पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो. ऑपेराच्या रसिकाला त्या आवाजाचा अंगावर येणारा जो अनुभव हवा असतो, तो नेमका तारेतून किंवा लहरींतून पाठवता येत नाही. तरीही पाठवण्याचा खटाटोप फार लवकर सुरू झाला.

१८८१ च्या पॅरिसमधील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचापाशी टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि प्रदर्शनातल्या दालनात लोक दोन्ही कानांना एकेक श्रवणयंत्र लावून गाणे ऐकू लागले. गायक डावीकडून उजवीकडे गेला तर ते कानांना कळत असे. यातूनच पुढे ‘थिएट्रोफोन’ नावाची वर्गणीदारांसाठीची सेवा निघाली. दम्याने घरात अडकलेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा १९११ मध्ये तिचा वर्गणीदार होता आणि देब्युसीची ‘पेलेआस ए मेलिझाँद’ त्याने अंथरुणात पडून ऐकली. आजारी माणूस, अंधारी खोली आणि कानाशी रंगमंच. दूरचा रसिक कोण असतो, याचे हे जुने चित्र आहे. अंतर, पैसा, आजार, वय किंवा नोकरी यांपैकी काहीतरी त्याला दारातच अडवत असते.

जानेवारी १९१० मध्ये ली डी फॉरेस्टने मेटमधूनच बिनतारी प्रक्षेपणाचा प्रयोग केला. त्यात एन्रिको कारुसो गात होता. ऐकणारे मूठभर होते आणि खरखरीतून आलेले गाणे जेमतेम कळत होते. पुढे १९२० च्या ऑगस्टमध्ये ब्वेनोस आयरेसच्या काही हौशी तरुणांनी नाट्यगृहाच्या गच्चीवर यंत्र बसवून वाग्नरची ‘पार्सिफाल’ हवेत सोडली. तिथले लोक त्यांना आजही ‘गच्चीवरचे वेडे’ म्हणूनच ओळखतात.

शनिवारची दुपार

मेटची प्रक्षेपणे लवकरच शनिवार दुपारच्या खेळाला जोडली गेली आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची सवय झाली. ७ डिसेंबर १९४० पासून टेक्सको या तेल कंपनीने त्यांचा खर्च उचलला, तो २००४ पर्यंत. गाणे चालू असताना जाहिरात नाही, हा त्यातला शिरस्ता.

रेडिओवरच्या श्रोत्याला गायकाबद्दल काय कळत होते, याचे दोन दाखले देतो. २ फेब्रुवारी १९३५ रोजी वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूर’मध्ये जीग्लिंडच्या भूमिकेत कर्स्टन फ्लागस्टाड ही नॉर्वेची गायिका मेटमध्ये पहिल्यांदा उभी राहिली. वय एकोणचाळीस. आपल्या देशाबाहेर तिचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मध्यंतरात बोलायला होती जेराल्डिन फरार, मेटची एके काळची लाडकी गायिका. तिने लिहून आणलेले टिपण बाजूला ठेवले आणि एका नव्या ताऱ्याचा उदय झाला आहे असे श्रोत्यांना सांगून टाकले. सकाळच्या वर्तमानपत्रातली समीक्षा अजून लिहूनही झाली नव्हती, तोवर देशभरच्या घरांत ही बातमी पोचली होती. न्यू यॉर्कचा श्रोता आणि दूरच्या गावातला श्रोता या दोघांना एक मोठा आवाज एकाच क्षणी सापडला.

दुसरा दाखला ६ डिसेंबर १९४१ चा. पुन्हा ‘डी वाल्क्यूर’, पुन्हा जीग्लिंड. लोटे लेहमान आजारी पडली आणि तिच्या जागी अस्त्रिद वार्ने ही तेवीस वर्षांची मुलगी उभी राहिली. याआधी ती कुठल्याच रंगमंचावर गायली नव्हती. हा प्रयोगही प्रक्षेपित झाला आणि त्याचे ध्वनिमुद्रण टिकले. आज ते ऐकताना पहिल्या प्रवेशाची धडधड शोधायला जावे, तर ती सापडत नाही. दुसऱ्या दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्या शनिवारी रेडिओपाशी बसलेल्या माणसांची ती युद्धापूर्वीची शेवटची निवांत दुपार होती.

आता मांडणीकडे वळू. रेडिओवर नेपथ्य दिसत नाही, पण म्हणून श्रोत्याच्या मनात ते नसते असे नाही. १९३१ पासून १९७५ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत मिल्टन क्रॉस हा या प्रक्षेपणांचा निवेदक होता. पडदा वर जाण्याआधी तो कथानक सांगे. डावीकडे जिना आहे, मागे खिडकीतून नदी दिसते, नायिकेच्या अंगावर अमुक रंगाचा झगा आहे, असे संथ आणि भारदस्त आवाजात सांगे. मग तो थांबे आणि वाद्यवृंद सुरू होई. त्या चार वाक्यांवर श्रोता आपला रंगमंच उभा करी. त्याला मदत होती ‘ऑपेरा न्यूज’ची. १९३५ मध्ये एलेनॉर बेलमाँट हिच्या पुढाकाराने मेटच्या मदतीसाठी रसिकांची ‘गिल्ड’ स्थापन झाली आणि तिने पुढच्याच वर्षी हे नियतकालिक सुरू केले. शनिवारच्या ऑपेराची गोष्ट, गायकांची नावे, नेपथ्याची छायाचित्रे त्यात असत. ते मांडीवर उघडून रेडिओ ऐकायचा, अशी पद्धत पडली. २०२३ मध्ये ते स्वतंत्र नियतकालिक म्हणून बंद झाले.

आपल्याकडे नाट्यपदे रेडिओवर ऐकून मोठी झालेली पिढी हे सहज समजू शकेल. ज्यांनी ते नाटक कधी पाहिले नाही, त्यांच्याही मनात त्या पदाभोवती एक दिवाणखाना, एक महिरप, शालू सावरणारी एक नायिका असते. ती कुणाही नेपथ्यकाराने उभी केलेली नसते. पण ती इतकी ठाम असते, की पुढे कधी प्रत्यक्ष नाटक पाहिले तर तेच चुकल्यासारखे वाटते. माझ्या मते रेडिओच्या श्रोत्याने जुन्या धाटणीच्या मांडणीचा पुढे जो हट्ट धरला, त्याचे एक मूळ इथे आहे. त्याने डोळ्यांपुढे संहितेबरहुकूम रंगमंच उभा केला होता आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली त्याला खपत नव्हती.

श्रोत्याचे पैसे

या श्रोत्याच्या मताला वजन का आले, याचे एक कारण अगदी रोकडे आहे. महामंदीत मेटचे दिवाळे निघायची वेळ आली. १९३३ मध्ये तीन लाख डॉलर उभे करायचे ठरले आणि लुक्रेझिया बोरी या गायिकेने रेडिओवरून हात पसरले. श्रोत्यांनी पैसे पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी मेटची इमारत आयुष्यात पाहिली नव्हती.

१९४० मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. मेटची जुनी इमारत ही बॉक्समध्ये बसणाऱ्या धनिक घराण्यांच्या मालकीची होती. ती विकत घेण्यासाठी दहा लाख डॉलरची मोहीम निघाली. त्यातला साधारण तिसरा हिस्सा रेडिओच्या श्रोत्यांकडून आला. ज्यांच्या नावाचे राखीव बॉक्स होते त्यांची मालकी संपली, आणि ती संपवण्यात ज्यांना आसनच नव्हते अशा माणसांच्या लहान लहान रकमांचा वाटा होता. ऑपेराच्या सामाजिक इतिहासातली ही मोठी घटना आहे, असे मला वाटते. तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

ध्वनिफितीची साक्ष

प्रक्षेपणाचा आणखी एक परिणाम झाला. प्रयोग संपला तरी तो संपेना. रसिक घरच्या यंत्रांवर प्रक्षेपणे टिपून ठेवू लागले, एकमेकांना देऊ लागले. एडवर्ड स्मिथ याने तर १९५६ पासून अशा मुद्रणांच्या तबकड्या खाजगीरीत्या वर्गणीदारांना पुरवल्या. हक्कांच्या दृष्टीने हा मामला संशयास्पदच होता. पण कितीतरी आवाज त्यामुळेच उरले.

यातून मारिया कॅलासच्या दोन संध्याकाळी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये बेल्लिनीची ‘नोर्मा’ होती. सभागृहात इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी बसले होते आणि प्रयोग इटालियन रेडिओवरून ऐकवला जात होता. कॅलासची तब्येत आधीच बिघडली होती, पण तिच्याऐवजी उभी करायला दुसरी गायिका ठेवलेली नव्हती. पहिला अंक संपल्यावर ती पुन्हा आलीच नाही. प्रयोग बंद पडला. राष्ट्राध्यक्षांचा अपमान झाला, असे म्हणत वर्तमानपत्रे तिच्यावर तुटून पडली. तिने नाट्यगृहावर दावा लावला. बदली गायिका न ठेवल्याचा दोष नाट्यगृहाचा, असा निकाल लागायला तेरा वर्षे गेली, आणि तोवर तिची कारकीर्द संपली होती.

पण त्या पहिल्या अंकाचे मुद्रण आहे. सभागृहातल्या माणसांनी राग पाहिला, रिकामा रंगमंच पाहिला. मुद्रण ऐकणाऱ्याला फक्त आवाज मिळाला. रसिकांचे त्यावर आजही दोन तट आहेत. काहींना त्यात आजारी, ओढून आणलेला स्वर ऐकू येतो. काही म्हणतात, एवढे गाता येत होते तर पुढचेही रेटता आले असते. मी तो अंक अनेकदा ऐकला आहे आणि मी पहिल्या तटात आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता हा वाद कुणालाही आपल्या कानांनी तपासता येतो. दूरचा श्रोता इथे साक्षीदार होतो, आणि रागाचा भर ओसरल्यामुळे तो कदाचित जास्त विश्वासार्ह ठरतो.

दुसरी संध्याकाळ त्याच वर्षीच्या २७ मार्चची, लिस्बनची. व्हेर्दीची ‘ला त्राव्हियाता’, सोबत तरुण आल्फ्रेदो क्राऊस. रेडिओवरून गेलेल्या या प्रयोगाची फीत संग्राहकांत हातोहाती फिरत राहिली आणि १९८० मध्ये ती अधिकृतपणे बाजारात आली. टेरेन्स मॅकनॅली या अमेरिकी नाटककाराने तर ‘द लिस्बन त्राव्हियाता’ या नावाचे नाटकच लिहिले. त्यातल्या माणसांना स्वतःच्या घरातल्या दुःखापेक्षा या मुद्रणातला एखादा स्वर जवळचा वाटतो. रसिकतेचे व्यसन कसे होते, हे त्यात निर्दयपणे दिसते. आपल्याकडचे जुन्या मैफलींच्या फिती जपणारे गृहस्थ आठवून पाहा.

कॅमेरा आला

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेटच्या रंगमंचावरून व्हेर्दीची ‘ओतेल्लो’ दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. पण नियमित मालिका सुरू झाली ती १५ मार्च १९७७ ला, पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’ने. लुचानो पाव्हारॉत्ती आणि रेनाता स्कोत्तो गात होते. आता श्रोत्याचा प्रेक्षक झाला आणि त्याच्या मतांचा रोख बदलला. आवाजाबरोबर चेहरा, वय, अंगलट यांची चर्चा होऊ लागली. स्कोत्तोने पडद्यावर स्वतःला पाहिल्यावर वजन उतरवायचे ठरवले. पंचविसाव्या रांगेतून जे कधी दिसले नसते, ते कॅमेऱ्याने दिवाणखान्यात आणले होते.

मांडणीचा वाद मात्र युरोपात पेटला. १९७६ मध्ये बायरॉइट येथे वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेचे शताब्दी वर्ष होते. दिग्दर्शक पात्रिस शेरो आणि वाद्यवृंद-संचालक पिएर बुलेझ, दोघेही फ्रेंच. शेरोने ऱ्हाईन नदीच्या जागी धरण बांधले आणि देवांना औद्योगिक युगाचे कपडे चढवले. सभागृहात शिट्या आणि हुर्यो झाला. पाच उन्हाळ्यांनंतर, १९८० मध्ये, त्याच मांडणीच्या अखेरच्या प्रयोगाला तासाहून जास्त वेळ टाळ्या पडत राहिल्या. १९७९ आणि १९८० मध्ये तिचे चित्रमुद्रण झाले, ते देशोदेशी दाखवले गेले आणि ज्यांना बायरॉइटचे तिकीट या जन्मी मिळणार नव्हते त्यांनीही ती पाहिली. कॅमेऱ्याने इथे शेरोच्या बाजूने साक्ष दिली. त्याने गायकांकडून करून घेतलेला अभिनय जवळून पाहिल्यावर धरणाचा राग बराच निवळतो.

मग १९९२ चा रोममधला प्रयोग. पुच्चिनीच्या ‘तोस्का’चे तीन अंक रोममधल्या तीन खऱ्या जागी घडतात: सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले हे चर्च, फार्नेझे राजवाडा आणि सांत आंजेलो किल्ला. ११ जुलैला दुपारी पहिला अंक, रात्री दुसरा आणि १२ जुलैच्या पहाटे तिसरा, प्रत्येक अंक संहितेतल्या जागी आणि संहितेतल्या प्रहरी, असा खेळ जगभर थेट दाखवला गेला. कॅथरीन माल्फितानो, प्लासिडो डोमिंगो आणि रुज्जेरो राइमोंदी हे गायक त्या त्या ठिकाणी होते. वाद्यवृंद मात्र शहरात दुसरीकडेच, सभागृहात बसला होता आणि त्याचे संचालन करत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायक त्यांचा हात पडद्यांवर पाहून ताल सांभाळत. ज्या माणसाच्या इशाऱ्यावर श्वास घ्यायचा, तो काही किलोमीटरवर आहे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

या प्रयोगावर रसिक अजून भांडतात. एका बाजूला खऱ्या भिंती, खरा उजेड, खरी पहाट. दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा, की ऑपेरा खोट्या भिंतींसाठीच लिहिलेली असते. खऱ्या चर्चमध्ये गाणारी माणसेच खोटी दिसू लागतात. मला या भांडणातले एक वेगळेच वैशिष्ट्य दिसते. या प्रयोगाला नाट्यगृहच नव्हते, त्यामुळे नाट्यगृहातला प्रेक्षकही नव्हता. सगळेच दूरचे. इथे ‘मी प्रत्यक्ष पाहिले, तुम्ही नुसते पडद्यावर’ असे कुणीच कुणाला म्हणू शकत नाही.

अर्धी साक्ष

३० डिसेंबर २००६ रोजी मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’पासून मेटने चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण सुरू केले. पुढे ते सुमारे सत्तर देशांत पोचले. मध्यंतरात कॅमेरा विंगेत जातो, घामाघूम गायकाची मुलाखत होते, मागे सुतार नेपथ्य हलवत असतात. ९ एप्रिल २०११ च्या ‘ल काँत ओरी’त हुआन दिएगो फ्लोरेस गायला, तेव्हा त्याच्या मुलाचा जन्म होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता आणि ही बातमी चित्रपटगृहांतल्या हजारो अनोळखी माणसांना कळली. मिल्टन क्रॉसच्या श्रोत्याने पडद्याआडच्या जगाची एवढी सलगी कल्पिलीही नसेल.

पण या काळातले तीन वाद मला मूळ प्रश्नाचे उत्तर देतात.

पहिला, २२ मार्च २००८ च्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’चा. प्रक्षेपणाची दिग्दर्शिका बार्बरा विलिस स्वीट हिने पडद्याच्या चौकटी पाडून एकाच वेळी अनेक दृश्ये दाखवली. काहींना ते आवडले. अनेकांनी तक्रार केली, की कुठे पाहायचे ते आम्हाला ठरवू द्या. १९३१ मधल्या तारांचीच ही नवी आवृत्ती नाही का? तेव्हा मध्ये आला होता निवेदकाचा आवाज; आता संकलकाची कात्री.

दुसरा वाद २००९ च्या ‘तोस्का’चा. फ्रांको झेफिरेल्लीची १९८५ पासूनची भरजरी मांडणी काढून लुक बॉन्डीने रुक्ष, उजाड मांडणी आणली. २१ सप्टेंबरच्या पहिल्या खेळाला गायकांना टाळ्या पडल्या, पण दिग्दर्शक मंडळी नमस्काराला येताच हुर्यो उडाला. स्कार्पियाचा खून केल्यावर तोस्का त्याच्या प्रेतापाशी मेणबत्त्या ठेवते आणि छातीवर क्रूस ठेवते, ही मूळ नाटकापासूनची जुनी प्रथा बॉन्डीने गाळली होती. १० ऑक्टोबरच्या प्रक्षेपणानंतर हाच वाद देशोदेशीच्या चित्रपटगृहांबाहेर पोचला. अखेर ३१ डिसेंबर २०१७ ला मेटने डेव्हिड मॅकव्हिकरची नवी ‘तोस्का’ आणली, ती जुन्या, भरघोस रोमच्या वळणाची. रसिकांची नाराजी फुकट गेली नाही.

तिसरा वाद रोबेर लपाजच्या ‘रिंग’चा. चोवीस फळ्यांचे, पंचेचाळीस टनांचे एक यंत्र त्याने रंगमंचावर आणले. तेच डोंगर होई, तेच घोडे होई. १४ मे २०११ च्या ‘डी वाल्क्यूर’चे थेट प्रक्षेपण या यंत्रातल्या बिघाडामुळे अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाले. नाट्यगृहात बसणाऱ्यांची तक्रार होती, की यंत्र कुरकुरते आणि गायक त्याच्यापुढे खेळण्यांएवढे दिसतात. चित्रपटगृहातल्यांनी मात्र योनास काउफमान आणि एव्हा-मारिया वेस्टब्रुक यांचे चेहरे पडदाभर पाहिले. यंत्र त्यांच्या लेखी मागची भिंत होती. एकच प्रयोग, एकच तारीख, आणि दोन वेगळ्या मांडण्या. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या.

आवाजाचेही तसेच. मायक्रोफोन लहान आवाजाला मोठ्याच्या पंगतीला बसवतो. पडद्यावर ज्याने मन जिंकले, तो गायक ३,८०० आसनांच्या सभागृहात दहाव्या रांगेपलीकडे ऐकू येईलच असे नाही. उलट एखादा प्रचंड आवाज यंत्रात शिरताना चेपला जातो आणि घरी ऐकणाऱ्याला वाटते, यात एवढे काय आहे?

म्हणून माझे उत्तर असे. दूरच्या रसिकाची साक्ष खरी असते, पण अर्धी असते. आणि नाट्यगृहातल्या रसिकाची उरलेली अर्धी. रेडिओने आवाजाची साक्ष दिली, मांडणी कल्पनेवर सोडली. कॅमेऱ्याने चेहऱ्याची साक्ष दिली, पण रंगमंचाचे माप हिरावून घेतले. प्रेक्षक ज्याला ‘नेपथ्य आवडले नाही’ म्हणतो, ते पुष्कळदा कॅमेऱ्याने निवडलेल्या चौकटीबद्दलचे मत असते. इतिहास लिहिताना साक्ष कुठल्या आसनावरून आली, याची नोंद केली तर तिचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

या सगळ्याला पैशाची बाजू आहेच. २०१३ मध्ये मेटचा महाव्यवस्थापक पीटर गेल्ब याने मान्य केले, की चित्रपटगृहांतल्या खेळांनी नाट्यगृहाचा काही प्रेक्षक ओढला असावा. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मेट बंद पडले आणि काही दिवसांतच रोज रात्री एक जुने प्रक्षेपण साऱ्या जगाला फुकट दाखवायला सुरुवात झाली. मुंबई-पुण्यातल्या घरांतही लोक ते पाहत होते. त्याच काळात, एप्रिलपासून, मेटचे वादक आणि समूहगायक बिनपगारी होते, जवळपास वर्षभर. आपण पाहत होतो ती वाजवणारी माणसे त्या क्षणी घरभाड्याच्या विवंचनेत होती. १९४० चा श्रोता पाकिटात डॉलर घालून पाठवत होता. आपल्या पिढीच्या दूरच्या रसिकाने आपल्या हिश्शाचे काय द्यायचे, हे अजून ठरायचे आहे.

मुंबईत एनसीपीएमध्ये मेटची ही प्रक्षेपणे दाखवली जातात, थेट नव्हे, नंतरच्या तारखेला. थेट दाखवायची तर न्यू यॉर्कची हिवाळ्यातली दुपारची एक म्हणजे आपली रात्रीची साडेअकरा. गिरगावात १९११ मध्ये उघडलेले रॉयल ऑपेरा हाउस आहे. नाव ऑपेराचे, पण तिथे बालगंधर्व गायले आणि मराठी प्रेक्षकाने मनसोक्त वन्समोर दिले. मेटमध्ये वन्समोर घेण्याची चाल जवळजवळ उरलेली नाही. घेतला गेला तर बातमी होते. आपल्या त्या वन्समोरवाल्यांची, रेडिओला कान लावून पदे ऐकणाऱ्यांची, आकाशवाणीला पत्रे लिहिणाऱ्यांची मते कुणी जमवली आहेत का? घराघरांतल्या ट्रंकांत अशी पत्रे, टिपणवह्या, फिती अजून असतील. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. फितीवर गायक असतो. वहीच्या समासात ‘आज आवाज लागला नव्हता’ असे लिहून ठेवणारा माणूस फक्त त्या वहीत असतो.